केसपेपर फुकट, फॉर्म भरायचे पन्नास रुपये

आधी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, तेव्हा त्याची बातमी मीच केली होती. 'रुग्णांची रांगेतून सुटका' असं चार कॉलमी हेडिंग, कळ दाबतानाचा मान्यवरांचा फोटो आणि खाली प्रेसनोट जवळजवळ जशीच्या तशी. 'आता घरबसल्या डॉक्टरांची वेळ घेता येणार' हे वाक्यही प्रेसनोटमधलंच. ती वेबसाइट मी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की कुणी काही सांगितलं तर आधी पडताळून बघा. वीस वर्षं झाली या धंद्यात, पण त्या दिवशी मी पडताळलं नाही. संध्याकाळची घाई होती, फोटो चांगला आला होता, बातमी लागली.

रुग्णालयाचं नाव इथे लिहीत नाही. ते लिहिलं की त्या एका खिडकीवरच्या एका कर्मचाऱ्याला नोटीस जाईल आणि विषय संपेल. मला तो विषय संपवायचा नाहीये.

गोष्ट माझ्या आत्याची आहे. वय ६६. शुगरचा त्रास दहा-बारा वर्षांपासून. शेतात पायाला काहीतरी लागलं, बोटाला जखम झाली, ती भरेना. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोनदा ड्रेसिंग केलं आणि मग चिठ्ठी दिली, जिल्ह्याला जाऊन दाखवा. आत्या आणि आतेभाऊ सोमवारी पहाटेच्या एसटीने निघाले. साठ-बासष्ट किलोमीटर. हाफ तिकिटाची सोय आहे म्हणून आत्या खूश असते, ते सोडा. पोचले साडेनऊला. खिडकीवर अर्धा-पाऊण तास उभे राहिले. नंबर आला तेव्हा उत्तर मिळालं, "स्पेशालिस्टला दाखवायचंय ना? मग ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊन या."

हे मला नंतर कळलं. नंतर मी एका अधिकाऱ्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ऑनलाइनची सक्ती नाहीच मुळी, खिडकीवरही नोंद करतात. कागदावर त्यांचं बरोबर असेल. पण आत्याला त्या दिवशी कागद नाही भेटला, खिडकी भेटली.

आतेभाऊ गावात येऊन सेवा केंद्रावर गेला. तिथे फॉर्म भरायचे पन्नास रुपये. आता गंमत बघा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. केसपेपरचेसुद्धा पैसे लागत नाहीत. हा निर्णय चांगलाच आहे, मी तेव्हाही लिहिलं होतं, आजही म्हणतो. पण फुकटच्या केसपेपरपर्यंत पोचायला पन्नास रुपये लागले. ते सरकारच्या तिजोरीत गेले नाहीत, म्हणून कुठल्या हिशोबात दिसणारही नाहीत.

सेवा केंद्रातल्या पोराने विचारलं, कुठल्या विभागात दाखवायचंय? यादी इंग्रजी नावांची. आतेभाऊ म्हणाला, पायाला लागलंय. पोराने 'ऑर्थोपेडिक्स' दाबलं. त्याचं तरी काय चुकलं? पाय म्हणजे हाडाचा डॉक्टर, मीही तेच दाबलं असतं. तारीख मिळाली पुढच्या सोमवारची.

पुढच्या सोमवारी पुन्हा पहाटेची एसटी. पुन्हा आतेभावाची एक दिवसाची मजुरी बुडाली. हाडांच्या डॉक्टरांनी मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, हे सर्जरीकडे दाखवायला पाहिजे. सर्जरीची त्या विषयाची ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी. दोघं परत गावी.

मला कळलं गुरुवारी रात्री. आत्याला विचारलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणाली, "तुला कशाला तरास बाबा, तुझी कामं असत्यात." मी एक फोन लावला. ओळखीच्या माणसाला. शुक्रवारी सकाळी आत्याला कुणी अपॉइंटमेंट विचारली नाही. सर्जननी बघितलं, त्याच दिवशी भरती करून घेतलं. दोन दिवसांनी पायाचं एक बोट काढावं लागलं.

पहिल्या सोमवारपासून त्या शुक्रवारपर्यंत अकरा दिवस. वेबसाइटमुळे बोट गेलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही आणि शुगरच्या पायाचं काही सांगता येत नाही. पण शुगरवाल्याच्या पायाची न भरणारी जखम थांबायची गोष्ट नसते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. त्या अकरा दिवसांत तिला तीनदा बस धरावी लागली आणि शेवटी काम झालं ते माझ्या फोनने. ज्याच्या घरात पत्रकार नाही, त्याने कुणाला फोन लावायचा? ज्या ओळखीपाळखीच्या कारभाराला ऑनलाइन पद्धत पर्याय म्हणून आणली, तोच कारभार मी त्या दिवशी वापरला. लाज वाटली, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा वापरीन, हेही खरं सांगतो.

आत्या घरी आल्यावर एका रात्री मी ती वेबसाइट उघडून बसलो. लॅपटॉपवर नाही, घरातल्या जुन्या फोनवर. ठरवलं की मी आत्या आहे असं समजून वेळ घ्यायची.

पहिलं पान उघडायलाच वेळ लागला, कारण वर मोठमोठे फोटो. फोटोंत सगळे आहेत, फक्त ओपीडी कुठल्या मजल्यावर आहे ते नाही. मधून एक पट्टी सरकते, तिच्यावर जुन्या निविदांच्या सूचना. 'अपॉइंटमेंट' हा शब्द शोधायला तीनदा खालीवर करावं लागलं. मराठीचं बटण आहे, पण ते दाबल्यावर फक्त वरची शीर्षकं मराठी होतात. फॉर्म इंग्रजीच. त्या मराठीतही 'बाह्यरुग्ण सेवा पूर्वनियोजित भेट' असं काहीतरी लिहिलेलं. असं कोण बोलतं? आपल्याकडे माणूस म्हणतो, नंबर लावायचाय.

मग मोबाइल नंबर, ओटीपी. आत्याच्या घरी एक फोन, तो आतेभावाबरोबर कामावर. म्हणजे दिवसा फॉर्म भरायचा तर ओटीपी दुसऱ्या गावात वाजणार. मग नाव. मराठीत टाकलं तर घेत नाही. मग जन्मतारीख. कॅलेंडर उघडतं ते चालू महिन्याचं, आणि मागे जायला बाण. मी तो बाण दाबत बसलो. ६६ वर्षं मागे जायचं म्हणजे जवळपास आठशे महिने. नंतर कळलं की वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी येते, पण ते तिथे कुठेही लिहिलेलं नाही. आणि आत्याला जन्मतारीख माहीत नाही. आधारवर १ जानेवारी आहे. तिच्या वयाच्या कित्येकांच्या आधारवर १ जानेवारीच असते. डॉक्टरला वय कळलं की पुरतं. मग तारीख कशाला?

शेवटी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची, आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं तर इंग्रजीत लिहून आलं की तुमची वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. मी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. मला बावीस मिनिटं लागली.

आता कुणी म्हणेल, भाऊ, तुम्हाला जुनीच रांग पाहिजे का? अजिबात नाही. ती रांग मी बघितलेली आहे. पहाटे पाचला खिडकीसमोर चपला, पिशव्या, दगड ओळीत मांडून ठेवलेले आणि माणसं भिंतीला टेकून बसलेली. मधेच कुणाचा तरी माणूस आत जाऊन केसपेपर घेऊन यायचा आणि रांग बघत राहायची. नंबर लावायची पद्धत मशीनवर गेली तर वशिला कमी होईल, हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. म्हणून तर ती वेबसाइट चांगली पाहिजे. वाईट वेबसाइटमुळे वशिला जात नाही. तो खिडकीवरून फोनवर सरकतो, एवढंच.

आणि हा धडा आपण एकदा शिकलेलोही आहोत. २०२१ आठवतंय ना? कोविन. २८ एप्रिलला दुपारी चार वाजता अठरा वर्षांपुढच्यांची नोंदणी उघडली, १ मेपासून त्यांना लस. १८ ते ४४ वयाच्या लोकांना सुरुवातीला ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय लस नव्हती. पोर्टल तेव्हा इंग्रजीत. आमच्याकडच्या आरोग्य केंद्रांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊन उभ्या राहायच्या. स्लॉट उघडला की दोन-तीन मिनिटांत संपायचा, आणि तो ज्याचा नेट जोरात, ज्याची बोटं जलद, त्याला मिळायचा. गावातली पोरं आपल्याच केंद्राच्या दारात उभी राहून बाहेरच्यांना लस घेताना बघत होती. शहरातल्या लोकांचं काही चुकलं नाही, त्यांना जिथे वेळ मिळाली तिथे ते आले. पोर्टलच असं बांधलं होतं की ज्याच्या हातात चांगला फोन, तो पुढे.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात हाच प्रश्न विचारला होता, की सगळं एका पोर्टलवर टाकलं तर ज्यांच्याकडे फोन, नेट आणि ते वापरायची माहिती नाही त्यांचं काय? न दिसणाऱ्या लोकांना हे पोर्टल वापरता येतं का, हेही विचारलं. त्याच्या आठवडाभर आधी, २४ मेला, सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करायला परवानगी दिली गेली होती. जूनमध्ये पोर्टल मराठीसह इतर भाषांत आलं. नोव्हेंबरमध्ये 'हर घर दस्तक' म्हणून आशाताई आणि नर्सताई घरोघरी गेल्या. जुलै २०२२ मध्ये देशात २०० कोटी डोस पूर्ण झाले आणि त्या सगळ्यांची नोंद त्याच कोविनवर आहे. म्हणजे पोर्टल कामाचं होतं. ते नोंद ठेवायला उत्तम होतं. दारात उभं राहून कुणाला आत सोडायचं हे ठरवायला लावलं, तेव्हा गडबड झाली.

आत्ता पुन्हा तेच चाललंय. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. प्रत्येकाला १४ अंकी आभा नंबर. ऑक्टोबर २०२२ पासून 'स्कॅन अँड शेअर' आलं, म्हणजे ओपीडीच्या भिंतीवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप खिडकीच्या कॉम्प्युटरवर जातं आणि टोकन मिळतं. सोय चांगली आहे. ज्याच्याकडे फोन आहे त्याने वापरावी. तेवढी माणसं रांगेतून कमी झाली तर आत्यासारखीचा नंबर लवकर येईल. पण आभा काढणं ऐच्छिक आहे. ते काढलं नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. हे वाक्य प्रत्येक खिडकीच्या वर मोठ्या अक्षरांत मराठीत लावलेलं पाहिजे. तुमच्या रुग्णालयात लावलंय का, एकदा बघा.

मग चांगली वेबसाइट म्हणजे काय? मी इंजिनिअर नाही. पण बावीस मिनिटं ती वेबसाइट भरलेला आणि वीस वर्षं ओपीडीच्या बाहेर बातम्या गोळा केलेला माणूस आहे, त्या अधिकाराने सांगतो.

पहिलं, ती विचारते त्याचा क्रम बदलला पाहिजे. विभाग कोणता हे पेशंटला कसं कळणार? त्याला त्रास माहीत असतो. म्हणून पहिल्या पानावर 'तुम्हाला काय होतंय?' एवढंच विचारा. डोळे, कान-नाक-घसा, दात, छाती, पोट, हाडं-सांधे, लघवीचा त्रास, चामडी, न भरणारी जखम, बाळंतपण, लहान मूल. शेजारी चित्र. जखम आणि शुगर दोन्ही दाबलं की सर्जरी, हे मशीनने ठरवावं, सेवा केंद्राच्या पोराने नाही. आणि छातीत दुखतंय, दम लागलाय, एक बाजू लुळी पडली, साप चावलाय असं काही दाबलं, तर अपॉइंटमेंट द्यायचीच नाही. तिथे लाल अक्षरांत यायला पाहिजे की थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट अपघात विभागात या. आजच्या घडीला त्या वेबसाइटवर हार्ट अटॅकच्या माणसालाही पुढच्या सोमवारची तारीख मिळू शकते.

दुसरं, माहिती कमी मागा. नाव, वय वर्षांत, गाव, मोबाइल. बाकी सगळं केसपेपर काढताना विचारता येतं. एका मोबाइलवर घरातल्या सगळ्यांची नोंद चालली पाहिजे, शेजाऱ्याचा नंबरही चालला पाहिजे. वेळ संपली तर भरलेलं पुसलं जाता कामा नये.

तिसरं, एसटीचं वेळापत्रक. हसू नका, मी गंभीरपणे म्हणतोय. लांबच्या तालुक्याची पहिली गाडी साडेनऊला पोचत असेल तर त्या तालुक्याच्या माणसाला नऊचा स्लॉट देऊन काय उपयोग? पिनकोड तर तुम्ही विचारताच. जवळच्यांना सकाळचे स्लॉट, लांबच्यांना दहानंतरचे. आणि ज्याला परतीची शेवटची गाडी पकडायची आहे, त्याची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी कशी होईल हे बघा. आमच्याकडे तपासणीच्या तारखेसाठी वेगळी चक्कर, रिपोर्ट घ्यायला वेगळी चक्कर आणि दाखवायला वेगळी.

चौथं, डॉक्टर नसतील तर कळवा. रजा, कॅम्प, कोर्टाची साक्ष, पोस्टमार्टम, सरकारी डॉक्टरच्या मागे हजार कामं असतात, मान्य. पण आदल्या संध्याकाळी 'उद्या डॉक्टर नाहीत, येऊ नका, तुमचा नंबर अमुक तारखेला लावला आहे' असा एक मराठी मेसेज आला तर एका घराची मजुरी वाचते. मेसेजमध्ये कुठल्या इमारतीत, कुठल्या खोलीत, कुठले कागद घेऊन, उपाशीपोटी की जेवून, हेही लिहा.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, फोन. साधा फोन. आत्याला वेबसाइट जमत नाही, पण गॅसचा सिलिंडर ती स्वतः बुक करते. फोन लावते, मराठीत बाई बोलते, एक दाबा म्हणते, आत्या एक दाबते. २०२१ पासून एका मोठ्या कंपनीचा सिलिंडर तर नुसत्या मिस्ड कॉलवर नोंदवता येतो. सिलिंडर विकणाऱ्यांना जमलं ते दवाखान्याला का जमू नये? मिस्ड कॉल द्या, तिकडून फोन येईल, माणूस बोलेल, नंबर लावून देईल. आणि जी माणसं यापैकी काहीच न करता थेट येऊन उभी राहतील त्यांच्यासाठी रोजचे काही नंबर राखून ठेवा. साठ किलोमीटरवरून आलेल्या माणसाला 'ऑनलाइन घेऊन या' म्हणून परत पाठवायचं नाही. तिथेच खिडकीवर, त्याच कॉम्प्युटरवर, पुढचा मोकळा नंबर लावून द्यायचा.

यावर मला काय उत्तर मिळणार ते माहीत आहे. कर्मचारी कमी आहेत. खरंच आहेत. त्या खिडकीवरच्या माणसाशी मी नंतर बोललो. तो म्हणाला, "साहेब, एकच कॉम्प्युटर आहे. लाइट गेली की रजिस्टरवर लिहायचं, आली की पुन्हा कॉम्प्युटरवर टाकायचं. त्यात नेट." एका बाजूने सर्व्हर, दुसऱ्या बाजूने शंभर माणसं ओरडताहेत. 'ऑनलाइन घेऊन या' हे त्याने उद्धटपणाने म्हटलं नसावं. त्याच्या हातात गर्दी कमी करायचा तेवढाच एक उपाय होता. वेबसाइट नीट असती तर ती त्याचंही ओझं कमी करायला आली असती.

पण एक उत्तर मी मान्य करणार नाही. 'लोक शिकतील हळूहळू.' आजारी माणूस शिकायला आलेला नसतो. सिनेमाचं तिकीट काढताना चुकलं तर सिनेमा बुडतो. इथे काय बुडतं ते आमच्या घराने बघितलंय. आणि हा आता नुसता चांगुलपणाचाही विषय राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तो खटला अ‍ॅसिड हल्ल्यात जखमी झालेल्या आणि न दिसणाऱ्या लोकांच्या केवायसीचा होता. बँकेत डोळे मिचकावून दाखवता येत नाहीत म्हणून ज्यांना अडवलं जायचं, त्यांचा. बँकेच्या खात्याला जे लागू, ते दवाखान्याच्या दाराला का नको?

अशा कामांच्या निविदा मी बातमीसाठी वाचलेल्या आहेत. सर्व्हर कसा असावा, सुरक्षा कशी असावी, यावर पानंच्या पानं. पेशंटला ती वेबसाइट वापरता येते की नाही हे तपासून मगच बिल द्यावं, अशी अट मी वाचलेल्या कागदांत एकदाही दिसली नाही. खर्च काय येतो या तपासणीला? ओपीडीच्या रांगेतली वीस माणसं निवडा. त्यांतली दहा साठीच्या पुढची पाहिजेत, आणि न दिसणारे, न ऐकू येणारे दोघे-तिघे. त्यांच्या हातात स्वस्तातला फोन द्या, नेट गावाकडचं. म्हणा, नंबर लावा. शेजारी उभं राहायचं, पण बोलायचं नाही. ती कुठे अडतात ते लिहून काढा आणि तेवढं दुरुस्त करा. पुन्हा नवी वीस माणसं बोलवा. वीसपैकी अठरा जणांना कुणाच्या मदतीशिवाय जमलं की मग फीत कापा, मी स्वतः फोटो काढायला येतो. त्या दिवशी कळ दाबायचा मान रांगेतल्या एखाद्या म्हातारीला द्या. तिला जमलं तर सगळ्यांना जमेल.

आत्या आता बरी आहे. काठी घेऊन चालते. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचंय. परवा मला म्हणाली, "कुठली बटनं दाबायची ती लिहून दे, मी नातीला सांगते." मी एका कागदावर लिहायला घेतलं. तेरा पायऱ्या झाल्या. तेरा वेगवेगळी बटणं, तीही इंग्रजी शब्दांची, मी मराठी अक्षरांत लिहून दिलेली. तो कागद तिने गॅसच्या पुस्तकात ठेवलाय.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. यापुढे 'घरबसल्या' हा शब्द असलेली कुठलीही प्रेसनोट आली की आधी त्या घरात बसून बघायचं, मग छापायचं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या बातमीत जे लिहायचं राहिलं, ते आज इथे लिहिलंय.

तुम्हीही एक करा. या रविवारी तुमच्या भागातल्या सरकारी रुग्णालयाची वेबसाइट उघडा, फोन आईच्या किंवा सासऱ्यांच्या हातात द्या आणि नंबर लावायला सांगा. मधे बोलू नका. किती मिनिटं लागली आणि कुठे अडलं, ते खाली लिहा. कर्मचाऱ्यांची नावं लिहू नका, त्यांना शिव्याही नकोत. नुसती मिनिटं आणि अडलेली जागा लिहा. पंधरा दिवसांनी ते सगळं एकत्र करून मी आरोग्य विभागाला रीतसर पत्र देणार आहे. पोच मिळाली की तीही इथेच टाकीन, आणि नाही मिळाली तर तसं लिहीन.